स्की शिकायचंय, पण भीती वाटते: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

परभणीहून गुलमर्गला जाऊन स्की शिकून आले, तेव्हापासून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर प्रश्न येणं थांबलेलं नाही. लातूर, हिंगोली, बीड, अंबाजोगाई, कुठून कुठून लोक विचारतात. बहुतेकांना जायचं असतं, फक्त छातीत धडधडत असतं. तीच धडधड घेऊन मीही गेले होते, म्हणून ही उत्तरं सविस्तर देते आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. ताई, स्कीइंग म्हणजे नेमकं काय करायचं असतं? व्हिडिओत तर सगळे उडतानाच दिसतात.

बर्फाच्या उतारावरून आपल्या मनाप्रमाणे खाली यायचं आणि हवं तिथे थांबायचं, एवढंच. पायात कडक प्लॅस्टिकचे बूट असतात. ते बाइंडिंग नावाच्या कळीत अडकवले की लांब पट्टीसारख्या स्की पायाला जोडल्या जातात. स्कीच्या दोन्ही कडांना स्टीलची धार असते. ती बर्फात रुतवली की वेग कमी होतो, सैल सोडली की वाढतो. उड्या मारणारे लोक बर्‍याच वर्षांच्या सरावाने तिथे पोचलेले असतात. नवशिक्याचा उतार इतका मंद असतो की लांबून पाहिलं तर सपाटच वाटतो.

२. आम्ही बर्फ पाहिला तो गारपिटीत किंवा रसवंतीत. तो बर्फ असाच टणक असतो का?

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी शेतात उभं राहून पाहिली, त्यांच्या मनात बर्फ म्हणजे नुकसान हेच पक्कं बसलंय, आणि ते साहजिक आहे. डोंगरावरचा ताजा बर्फ मात्र भुसभुशीत असतो. मुठीत घेतला तर दबतो, त्यावर पडलं तरी फारसं लागत नाही.

पण तो दिवसभर सारखा राहत नाही. रात्री गोठल्यामुळे सकाळी लवकर तो कडक आणि निसरडा असतो. ऊन आलं की वरचा थर मऊ होतो. कडक ऊन पडलं तर दुपारनंतर त्याचा चिखलासारखा लगदा होतो आणि स्की त्यात अडकतात. नवशिक्याला ऊन आल्यानंतरचे सकाळचे तास सगळ्यांत सोपे जातात. अगदी पहाटेचा कडक बर्फ पाहून घाबरला असाल, तर तासाभराने पुन्हा त्याच उतारावर जा.

३. भारतात शिकायचं कुठे? खात्रीचं ठिकाण सांगा.

तीन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा.

गुलमर्ग, काश्मीर. उंची सुमारे २,६५० मीटर. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था इथे आहे आणि हिवाळ्यात ती अभ्यासक्रम चालवते. नवशिक्यांचे उतार गावालगत, खालच्या मोकळ्या मैदानावरच आहेत.

औली, उत्तराखंड. उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरवर. गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे अभ्यासक्रम इथे चालत आले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये औलीच्या खालच्या जोशीमठ गावात जमीन खचली, त्यानंतर तिथला रोपवे बंद ठेवण्यात आला. त्यामुळे जोशीमठहून रस्त्यानेच वर जायचं धरून चाला.

मनालीजवळचं सोलांग. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, तीही स्की शिकवते.

माझं मत विचाराल तर घाबरणाऱ्या माणसाने संस्थेच्या बॅचमध्येच जावं. खासगी प्रशिक्षकही चांगले असतात, पण बॅचमध्ये तुमच्यासारखेच थरथरणारे आणखी लोक असतात. शिवाय रोज ठरलेल्या वेळी उतारावर जावंच लागतं, अंथरुणात पडून राहायला कारण उरत नाही.

घरचे काश्मीरला नको म्हणत असतील तर वाद घालू नका. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडलं त्यानंतर ही काळजी खरी आहे. त्यांच्या जिवाला स्वस्थता हवी असेल तर औली किंवा सोलांग निवडा, पहिले धडे सगळीकडे तेच असतात.

४. मुलांना सुट्टी मे महिन्यात. तेव्हा जमेल का?

नाही. मे महिन्यात उंचावर थोडा बर्फ सापडतो, त्यावर फोटो निघतात, घसरगुंडी होते. शिकणं होत नाही. डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा, त्यातही जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यांत भरवशाचा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात. ती ऐन थंडी. पण थंडी असली म्हणून बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिन्याच्या अखेरीपर्यंत जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पाही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

आपल्याकडे नेमकी याच वेळी ज्वारी-हरभऱ्याची कामं आणि बारावीच्या परीक्षा येतात, हे मला माहीत आहे. बारावीचं पोर घरी असेल तर त्या वर्षी नकाच जाऊ. शेतकऱ्यांना तूर घरात आल्यावर आणि ज्वारी काढणीआधी जो थोडा उसंतीचा काळ मिळतो, तो बरा.

५. नांदेड-परभणीहून जायचं कसं?

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्ली आणि पुढे अमृतसरला जाते. आपल्या भागातल्या लोकांसाठी उत्तरेची ही सगळ्यांत ओळखीची गाडी. दिल्लीहून विमानाने श्रीनगर गाठता येतं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे, चिनाबवरच्या पुलावरून जाणारी. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे चढ लागतो आणि बर्फ पडलेला असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात.

एक गोष्ट निघण्याआधी करा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरी फोन लागला नाही की इकडे आईचा जीव टांगणीला लागतो.

जाताना आणि येताना एकेक दिवस मोकळा ठेवा. बर्फ जोरात पडला की विमानंही रद्द होतात.

६. खर्च किती येतो?

आकडे दर हंगामात बदलतात, संस्थेकडूनच ताजा दर घ्या. विचारताना एवढं नक्की विचारा: फीमध्ये राहणं-खाणं धरलंय का, स्की, बूट आणि पोल (हातातल्या काठ्या) धरलेत का, लिफ्टचा, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या यंत्राचा, पास धरलाय का. सरकारी संस्थांच्या फीमध्ये यातलं बरंच येतं, म्हणून त्या स्वस्त पडतात. पहिल्या वर्षी स्की विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. पैसे खर्च करायचेच तर चांगल्या हातमोज्यांवर करा.

७. मला खूप भीती वाटते. उंचावरून खाली पाहिलं की पाय लटपटतात. माझ्यासारखीने जावं का?

जावं. पण भीती कुठून येते ते समजून घेऊन जावं, कारण स्कीवर भीतीचं एक शारीरिक गणित आहे.

उतार दिसला की माणूस आपोआप मागे झुकतो. जमिनीवर हे बरोबर असतं, स्कीवर नेमकं उलटं होतं. मागे झुकलात की वजन स्कीच्या शेपटाकडे जातं, पुढची टोकं हलकी होतात, वळण लागत नाही, धार रुतत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की आणखी भीती, आणखी मागे झुकणं. म्हणून प्रशिक्षक दिवसभर एकच ओरडत असतात, “आगे झुको, घुटना मोडो.” गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकवली की स्की ऐकायला लागतात. मनाला हे पटवून चालत नाही, पायालाच पटावं लागतं. त्यासाठी उतार इतका मंद हवा की चूक झाली तरी काही बिघडणार नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. भीती वेगाची नसते, थांबता न येण्याची असते. आमच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीला आम्हाला खाली जायला शिकवलंच नाही, थांबायला शिकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची शेपटं लांब, म्हणजे पायाखाली त्रिकोण. याला स्नोप्लाऊ म्हणतात, तिथली पोरंटोरं पिझ्झा म्हणतात. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या धारा रुततात आणि खर्र आवाज करत तुम्ही उभे राहता. तो आवाज पहिल्यांदा माझ्या पायाखालून आला तेव्हा पोटातला गोळा खरोखर सैल झाला. उतार तोच होता, बर्फ तोच होता, पण आता थांबणं माझ्या हातात होतं.

म्हणून तुमच्या प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: मला भीती वाटते, दहापैकी दहा वेळा थांबता येईपर्यंत मला वर नेऊ नका. असं सांगण्यात काहीही कमीपणा नाही. बॅचमधले इतर पुढे गेले तर जाऊ द्या.

एक साधी युक्ती. नजर स्कीच्या टोकांवर किंवा दरीकडे ठेवू नका, जिथे थांबायचंय तिथे ठेवा. आणि श्वास बाहेर सोडत राहा. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, मग अंग ताठ होतं, आणि ताठ अंगाला तोल सावरता येत नाही.

८. किती दिवसांत येतं?

आठवड्याभरात बहुतेकांना थांबता येतं, सावकाश वळता येतं आणि सोप्या उतारावरून एकट्याने उतरता येतं. दोन्ही स्की समांतर ठेवून वळायला त्याहून जास्त सराव लागतो. पहिले दोन दिवस तर बूट घालणं, एका स्कीवर चालणं, आडवं पाऊल टाकत चढणं आणि उठणं यातच जातात. ते दिवस वाया गेले असं समजू नका. वयाप्रमाणे फरक पडतो, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

९. पडल्यावर उठायचं कसं? सगळ्यांसमोर पालथी पडून राहिले तर?

सगळेच पडतात. उठण्याची एक पद्धत आहे, ती नीट वाचा, कारण जोर लावून उठता येत नाही.

आधी पडल्या जागी थोडं थांबा. दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला आणा, तुम्ही वरच्या बाजूला. मग त्या उताराला आडव्या करा, शेतातल्या आडव्या बांधासारख्या. टोकं जरी खालच्या दिशेला वळलेली राहिली तरी उठता उठता त्या चालू लागतील आणि तुम्ही पुन्हा बसाल. आता वरच्या बाजूच्या धारा बर्फात रुतवा, गुडघे पोटाशी घ्या, वरच्या बाजूचा हात बर्फावर टेकवा आणि कंबर स्कीच्या वर आणत उभे राहा. नाहीच जमलं तर वरची स्की काढा, एका पायावर उठा, मग ती पुन्हा घाला.

पुन्हा घालताना हमखास अडचण येते: बूट बाइंडिंगमध्ये बसतच नाही. तेव्हा बूट उलटा करून तळवा बघा. तिथे बर्फाचा घट्ट थर चिकटलेला असतो. पोलच्या टोकाने तो खरवडून काढा, आधी पुढचं बोट आत सरकवा, मग टाच खाली दाबा. खट्ट आवाज आला म्हणजे बसला. उतारावर स्की घालायची असेल तर आधी खालच्या बाजूची घाला.

पडायची वेळ आलीच तर बाजूला, कुल्ह्यावर पडा. मागे बसू नका आणि हात पसरून जमीन धरायला जाऊ नका.

१०. हाड मोडतं का हो? डॉक्टर म्हणाले गुडघा जातो.

गुडघ्याच्या लिगामेंटला इजा होऊ शकते, हे खरं आहे. विशेषतः पाय पिळवटला जातो आणि स्की सुटत नाही तेव्हा. म्हणून बाइंडिंगची ताकद तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून लावतात. भाड्याने घेताना वजन लपवू नका आणि “नवशिकी आहे” हे सांगा, म्हणजे ती सैल लावतील. अंगठ्याच्या मुळाशी होणारी दुखापतही नेहमीची आहे, पोल हातात घट्ट धरून पडल्यामुळे होणारी. पडताना पोल सोडून द्या. हेल्मेट न घालता उतारावर पाऊल टाकू नका.

पडताना गुडघ्यात ‘टक्’ असं काही वाजलं किंवा सूज आली तर त्या दिवशी पुन्हा स्की घालायची नाही, दाखवून यायचं. विमा घेत असाल तर त्यात साहसी खेळ आणि हिवाळी खेळ धरलेत का ते वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

११. बूट फार दुखतात म्हणे. मोठ्या मापाचा घ्यावा का?

अजिबात नको. सैल बुटात पाय हलतो आणि स्की ऐकत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे यावीत, हे बरोबर माप. मोजा एकच, पातळ आणि लांब. थंडीच्या भीतीने दोन मोजे घातले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बूट घालताना टाच मागे आपटून बसवा, मग नडगीवरची बकलं आवळा. थर्मलची, म्हणजे आतल्या उबदार कपड्यांची, किनार बुटात जाऊ देऊ नका, तिची घडी दिवसभर नडगीला रुतते.

१२. मी कायम साडी नेसते. कपड्यांचं काय करू? मंगळसूत्र काढावं लागतं का?

तीन थर: आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. सुती काहीही आत नको. सूत घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गोठवतो. वरचा थर गुलमर्गला भाड्याने मिळतो. पहिल्यांदा पँट घालणाऱ्या बायका माझ्याशी याबद्दल हळू आवाजात बोलतात. तिथे सगळेच इतके गुंडाळलेले असतात की कोणी कोणाकडे पाहत नाही, निश्चिंत राहा.

मंगळसूत्र थर्मलच्या आत, छोटं असेल तर राहू द्या. लांब असेल तर काढून जपून ठेवा. बांगड्या आणि अंगठ्या मात्र काढाच. ओढणी, स्कार्फ मोकळा सोडायचा नाही, लिफ्टमध्ये अडकतो.

उन्हाबद्दलही सांगते, कारण ऊन आम्हाला नवीन आहे का, असं आपल्याला वाटतं. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली आणि नाकाच्या आतल्या कडेलाही सनस्क्रीन लावा. गॉगल काढून फिरू नका, डोळे भाजतात. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारे गॉगल मागून घ्या.

१३. इथे बर्फ नाही, मग तयारी काय करायची?

मांड्या आणि तोल, या दोनच गोष्टी. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसा, मांड्या थरथरेपर्यंत. एका पायावर उभं राहून दात घासा. पायऱ्या चढण्यापेक्षा सावकाश उतरण्याचा सराव जास्त उपयोगी, कारण स्कीवर मांड्या उतरताना लागतात तशाच राबतात. संभाजीनगरकरांना देवगिरी किल्ला जवळ आहे, त्याहून चांगली व्यायामशाळा मला माहीत नाही. दीड-दोन महिने आधीपासून करा. ज्यांना चाकांचे स्केट येतात त्यांना तोल लवकर सापडतो.

१४. गुलमर्गला गेलो की गोंडोलाने (तिथल्या रोपवेने) वर जायचंच ना? गाइड म्हणतात वरूनच खरी मजा.

पाहायला जा, स्की पायात घालून जाऊ नका. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो. वरचे उतार तीव्र आहेत, बरेचसे दाबून सपाट केलेले नाहीत आणि तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे परदेशी स्कीअर हिमस्खलनात दगावले आहेत, आणि ते नवखे नव्हते. कोणी कितीही आग्रह केला तरी “नाही” म्हणा. तुमचा उतार कोणता हे तुमचा प्रशिक्षक ठरवेल.

उंचीचं आणखी एक. आपण राहतो ३५० ते ६५० मीटरवर. २,५०० च्या पुढे काहींना डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं होतं. पहिला दिवस सावकाश चाला, पाणी भरपूर प्या. त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय.

१५. वय ५२, बीपीची गोळी चालू. शिवाय मिस्टरांना मधुमेह. चालेल?

माझ्या बॅचमध्ये पन्नाशीतली माणसं होती आणि ती शिकली. तरुणांपेक्षा सावकाश शिकली, पण पडलीही कमी, कारण सांगितलेलं ऐकत होती. तुमच्या डॉक्टरांना उंची आणि थंडी, दोन्ही सांगून सल्ला घ्या. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. गरोदरपणात मात्र नकोच.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठलं की ते निकामी होतं, वितळल्यावरही वापरायचं नाही. अंगाजवळ, आतल्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही कडक थंडीत नीट चालत नाही. श्रमामुळे साखर उतरते, म्हणून खिशात काहीतरी गोड हवंच.

१६. लहान मुलांना नेऊ का?

न्या. मुलं लवकर शिकतात, पडायला भीत नाहीत आणि जमिनीपासून जवळही असतात. फक्त आई-बापाने स्वतः शिकवू नये, प्रशिक्षकाकडे द्यावं. २०१८ मध्ये भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर मनालीची, लहानपणापासून बर्फात वाढलेली. आपल्या लेकरांना तो बर्फ अंगणात नाही, पण आठवडाभर मिळाला तरी डोळ्यांत केवढा आनंद दिसतो.

१७. खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी.

राजमा-भात, हाक नावाची पालेभाजी, पोळी, डाळ मिळते. गाडीसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्याच. चटणी तिकडेही रोज कामी येते. सकाळी उपाशी उतारावर जाऊ नका, थंडीत अंग नुसतं ऊब धरायलाच पुष्कळ ताकद खर्च करतं.

१८. भाऊ दुबईला आहे. तिथल्या मॉलमधल्या बर्फावर शिकलं तर चालेल?

चालेल, सुरुवातीला तर उत्तम. २००५ पासून तिथे छताखाली स्कीचा उतार आहे, सर्वांत लांब वाट सुमारे ४०० मीटर. हवामान बदलत नाही, उंचीचा त्रास नाही. थांबणं आणि वळणं तिथे शिकून डोंगरावर गेलात तर निम्मी भीती आधीच उतरलेली असेल. फक्त डोंगरावर बर्फ सारखा बदलतो (प्रश्न २), म्हणून पहिला दिवस पुन्हा खालच्या उतारावरूनच सुरू करा.

१९. मी शिकत होते, छान जमत होतं. चौथ्या दिवशी जोरात पडले आणि आता उतारावर उभंच राहवत नाही. सोडून देऊ का?

सोडू नका, पण त्याच उतारावर हट्टाने पुन्हा उभ्याही राहू नका. आधी दुखापत नाही याची खात्री करा (प्रश्न १०). मग अर्धा दिवस विश्रांती. थकलेल्या मांड्यांना भीती जास्त वाटते, आणि बरेचसे जोराचे पडणे दुपारच्या शेवटच्या फेरीतच होतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या उतारावर जा आणि फक्त थांबण्याचा सराव करा. प्रशिक्षकांना सांगा की माझ्या पुढे, खालच्या बाजूला राहून उलटं चाला. समोर ओळखीचा माणूस दिसला की नजर आपोआप पुढे येते आणि वजनही.

उतार मध्येच नको वाटला तर कडेला या, स्की काढा आणि चालत खाली उतरा. उतारावर मधोमध किंवा वळणाआड थांबू नका, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसला पाहिजेत. तसं वरून येणाऱ्यानेच खालच्याला सांभाळायचं असतं, हा जगभरचा नियम आहे. म्हणजे निघताना एकदा वर बघून घेतलं की उतरताना तुमच्या मागून कोण येतंय याची चिंता तुमची नाही, तुम्ही पुढे बघा.